लाकडातलं पाणी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नव्याने कामाला लागलेल्या पोराला सगळ्यात आधी ओलीला भ्यायला शिकवतात. वितळलेला रस ओतायच्या लेडलच्या आतलं अस्तर पुरतं कोरडं झाल्याखेरीज त्यात रस घेत नाहीत. अस्तरात चमचाभर पाणी दडून राहिलं आणि त्यावर साडेतेराशे-चौदाशे अंशांचं बीड येऊन पडलं, की त्या पाण्याची क्षणात वाफ होते. ती वाफ मूळ पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते आणि रस उसळून बाहेर येतो. साच्यासाठी लाकडी नमुने करणाऱ्या पॅटर्न शॉपमधला सुतार ओलीला दुसऱ्या कारणाने भितो. ओल्या सागवानाचा पॅटर्न केला, तर तो वाळताना आकसतो आणि मग त्यावरून काढलेला प्रत्येक नग मापाबाहेर जातो. म्हणून फळी हातात आली की तो आधी ती किती वाळली आहे ते बघतो, रंधा मग लावतो.

माझी आजी याच कारखान्यांना लागून असलेल्या मजगावची. तिने फाउंड्री आतून कधी पाहिली नाही. पण लाकडातल्या ओलीबद्दल तिला जे कळत होतं, ते पॅटर्नच्या सुताराहून तसूभरही कमी नव्हतं. ढलपी उचलायची, दुसऱ्या ढलपीवर आपटायची आणि आवाज ऐकून ती डाव्या ढिगात टाकायची की उजव्या, हे ठरवायची. "लाकूड उन्हानं वाळलं नाही तर फुंकणीनं वाळवावं लागतं," असं ती म्हणायची. जळण साठवण्याचं सगळं शास्त्र मला या एका वाक्यात दिसतं. लाकडातलं पाणी कधी ना कधी बाहेर काढावंच लागतं. चैत्र-वैशाखाचं ऊन ते काम फुकट करतं. तेव्हा केलं नाही, तर तेच काम आषाढात चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांना आणि छातीला करावं लागतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. हिवाळ्यात पहाटे पारा १३-१४ अंशांवर येतो आणि पावसाळ्यात चार महिने भिंतींना गारवा धरतो. नॉर्वे-स्वीडनसारखी खोली उबदार करणारी शेगडी आपल्याकडच्या घरात नसते. आपली ऊब न्हाणीत असते. स्वयंपाक गॅसवर गेलेल्या कितीतरी घरांत पाणी तापवायची चूल किंवा बंब तसाच चालू आहे, कारण पाच-सहा माणसांच्या अंघोळीचं पाणी रोज सिलिंडरवर तापवणं परवडत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४९ टक्के कुटुंबांनी स्वयंपाकाचं मुख्य इंधन म्हणून जळाऊ लाकूड सांगितलं होतं. पुढे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, शेगड्या घरोघरी गेल्या, पण परड्यातला जळणाचा ढीग काही हलला नाही. तो राहणारच असेल, तर तो नीट कसा असावा हे माहीत असणं महत्त्वाचं आहे.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनातला निम्म्याच्या आसपास भाग पाणी असतो. हे पाणी दोन ठिकाणी असतं. एक, पेशींच्या पोकळीत, म्हणजे बाटलीत भरल्यासारखं मोकळं. दुसरं, पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी लवकर निघून जातं आणि तोवर लाकडाचा आकार बदलत नाही. मुरलेलं पाणी निघायला लागलं, की भिंती आकसतात, टोकाला तडे पडतात, साल सुटते. म्हणजे टोकावरचे तडे ही लाकडाने स्वतः दिलेली खबर असते की आता आतलं पाणीही निघायला लागलं. आजी ढलपी आपटून जो आवाज ऐकायची, त्याचंही कारण हेच. ओल्या भिंती मऊ असतात, त्या आवाज गिळतात आणि 'थप' होतं. कोरड्या भिंती ताठ असतात, 'टण्ण' वाजतात.

झाड जिवंत असताना पाणी मुळापासून शेंड्याकडे वाहत असतं, आणि मेल्यावरही त्याला तीच वाट सोपी वाटते. उभ्या धाग्याच्या दिशेने पाणी जितक्या वेगाने सरकतं, त्याच्या दहा-पंधरा पट कमी वेगाने ते आडवं सरकतं. वरून साल तर जवळजवळ बरणीचं झाकणच. म्हणून अखंड ओंडका वर्षभर उन्हात ठेवला तरी आतून ओला राहतो, आणि तोच हात-दीड हाताचे तुकडे करून, घण-पाचर लावून चौफाड केला, तर एका उन्हाळ्यात वाळतो. फोडणं हे चुलीच्या तोंडात बसावं म्हणूनच असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते वाळावं म्हणून असतं. आणि म्हणूनच फोडायचं काम लाकूड आलं की लगेच करायचं. लागेल तसं फोडू म्हणून ओंडके रचून ठेवले, की श्रावणात पस्तावायची पाळी येते.

आता एक हिशेब. दहा किलो ओलं लाकूड घेतलं आणि त्यात निम्मं पाणी धरलं, तर पाच किलो लाकूड आणि पाच किलो पाणी झालं. ते पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण १३ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो पूर्ण कोरडं लाकूड जळताना १८-१९ मेगाज्यूल देतं. म्हणजे पाच किलोतलं पाऊण किलोच्या आत लाकूड पाणी उडवण्यात गेलं. सातवा हिस्सा. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मला तो फारच लहान वाटला होता. सातवाच हिस्सा जात असेल, तर ओल्या लाकडाने एवढा जीव का जावा?

त्याचं उत्तर जाळात आहे. लाकूड म्हणून जे आपण जळताना पाहतो, ते खरं तर लाकूड नसतं. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि पेटतात ते हे वायू. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग अशा वायूंच्या रूपाने बाहेर पडतो, उरतो तो कोळसा. हे वायू पुरते जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता आणि भरपूर हवा लागते. लाकडातून वाफ येत असेल तोवर जाळ तेवढा तापतच नाही. मग वायू न जळताच वर जातात. त्यांनाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे जळणच आहे, आपण विकत घेतलेलं, डोक्यावरून आणलेलं, फोडलेलं. ते भांड्याखाली न जळता घरात भरतं, कौलांना काजळी धरतं आणि माणसांच्या फुप्फुसात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली. त्या धुराचा मोठा वाटा चुलीच्या रचनेचा आणि हवेच्या कोंडमाऱ्याचा आहे हे खरं. पण जळण ओलं असेल तर उत्तम चूलही धुरकटते.

वखारीतून जळण घेणाऱ्याने तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. वखारीत लाकूड वजनावर विकतात. ओल्या लाकडाचा क्विंटल घेतला तर त्यात पन्नास किलो पाणी असू शकतं, आणि त्याचे पैसे लाकडाच्याच भावाने द्यावे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेलं घेतलं, तर त्याच क्विंटलात लाकूड ऐंशी-पंचाऐंशी किलो येतं. भाव थोडा चढा असला तरी ते स्वस्त पडतं. जुलैत भिजलेल्या ढिगातून घेतलेलं जळण सगळ्यात महाग.

जळणाचं खरं काम दिवाळीनंतर सुरू होतं. माघ-फाल्गुनात बांधावरच्या झाडांची छाटणी, वठलेल्या फांद्या काढणं, शेताच्या कडेची बाभूळ उतरवणं. मार्चपासून हवा कोरडी असते, दुपारी वारा असतो, आणि लाकूड वाळायला उन्हाइतकाच वारा लागतो. ऊन पाणी सुटं करतं, ते उचलून नेतो वारा. मे महिन्यात मधेच वळीव येतो. बेळगावकडे तो चांगला झोडपून जातो. फोडलेलं लाकूड एका वळवाने बिघडत नाही. वरवर भिजलेलं पाणी दोन दिवसांत उडतं, आतलं जे निघालं ते निघालं. पण ढीग जमिनीवर पसरलेला असेल आणि खालून ओल चढत असेल, तर महिन्याची मेहनत वाया जाते. म्हणून रोहिणी नक्षत्र लागायच्या आत सगळं जळण छपराखाली गेलेलं असावं आणि मृगाचा पहिला पाऊस ढिगाला आतून पाहता यावा, असा जुना दंडक आहे.

ढीग रचण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. खाली दगड किंवा जाड ओंडके टाकून वीतभर उंची घ्यायची, म्हणजे वाळवीला वाट मिळत नाही आणि खालून हवा खेळते. ढलप्या इतक्या घट्ट बसवायच्या नाहीत की मुंगी शिरणार नाही. टोकं एका बाजूला येतील अशा ठेवायच्या, कारण पाणी टोकांतून निघतं. उघड्यावर असेल तर सगळ्यात वरच्या थराची साल वर करायची, ती कौलाचं काम करते. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे जळणाचं छप्पर घराच्या पूर्व अंगाला हवं. पश्चिमेला असेल तर त्या बाजूला उसाच्या पाल्याची तट्टी बांधायची आणि बाकीच्या तीन बाजू उघड्या सोडायच्या.

हल्ली लोक काळजीपोटी ढीग प्लास्टिकने चारही बाजूंनी गुंडाळून टाकतात. ते पाहिलं की मला फार वाईट वाटतं. दिवसा आतली हवा तापते, लाकडातलं पाणी हवेत येतं, रात्री प्लास्टिक गार पडलं की तेच पाणी थेंब होऊन लाकडावर गळतं. ओल बाहेर जायला वाटच राहत नाही. पंधरा दिवसांत पांढरी बुरशी दिसायला लागते. बुरशी म्हणजे लाकूड खाणारा जळण-चोर. ती जितकं खाते, तितकी उष्णता कमी होते. प्लास्टिक वापरायचंच तर फक्त माथ्यावर, टोपीसारखं.

शेणी रचण्याची पद्धत वेगळी आणि अधिक हुशारीची. निपाणीपासून कोल्हापूरपर्यंतच्या गावांत शेणींची हुडवी दिसते. वाळलेल्या शेणी गोलाकार किंवा लांबट रचत न्यायच्या, वर निमुळतं करायचं, बाहेरून शेणाने लिंपायचं आणि माथा गवताने किंवा उसाच्या पाल्याने शाकारायचा. पाणी उतारावरून निघून जातं, आत शेणी कोरड्या राहतात, आणि पावसाळ्यात एका बाजूला लहानसं तोंड पाडून लागेल तेवढ्या काढून घेतात. जर्मनीतही लाकडं गोल रचून वर सालीचं छप्पर करायची जुनी पद्धत आहे. त्या रचनेला ते 'होल्झहाउझन' म्हणतात. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण पावसाने दोघांना एकच आकार शिकवला.

पण हुडवी बांधून झाली, छप्पर नीट शाकारलं, तरी श्रावणात जळण थोडं मऊ पडतंच. याला कुणाचा निष्काळजीपणा कारण नसतो. लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवेतली आर्द्रता चाळीस टक्के असेल तर लाकडातली ओल सात-आठ टक्क्यांवर जाऊन थांबते. आर्द्रता नव्वदवर गेली की तेच लाकूड एक थेंब पाऊस न लागता हळूहळू वीस टक्क्यांकडे सरकतं. आंबोलीत, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, किंवा खानापूर-चंदगडच्या घाटाकडच्या गावांत, हवा आठवडेच्या आठवडे अशी असते. म्हणूनच पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर किंवा दोरीच्या झोळीत आठ दिवसांचं जळण टांगून ठेवत. चुलीची ऊब त्याला लागत राहायची. बाहेरच्या छपराखालचं जळण म्हणजे बँकेतलं, आणि माळ्यावरचं म्हणजे खिशातलं.

कुठलं लाकूड चांगलं, हे विचारणारे खूप भेटतात. घाटाकडचे लोक धावड्याचं नाव घेतात, मैदानातले बाभळीचं. किलोच्या हिशेबाने पाहिलं तर सगळी कोरडी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात. फरक घनतेत आहे. बाभळीची एक ढलपी सावरीच्या दुप्पट जड भरते, म्हणून तेवढ्याच जागेत दुप्पट जळण मावतं आणि निखारा टिकतो. सावर, पांगारा भसकन जळून जातात. पण जाळ धरायला तेच बरे. सुरुवातीला हलकं, मग जड, हा क्रम स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. बिब्बा मात्र कुणी चुलीत घालू नये. त्याचा चीक अंगावर उततो. आणि चांगलं लाकूड रानातूनच आणावं असंही नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये झालं तेव्हापासून खानापूरच्या रानाचा मोठा भाग संरक्षित आहे, आणि ते योग्यच आहे. घराला वर्षभर पुरेल एवढं जळण बांधावरच्या झाडांच्या छाटणीतून, अकेशिया-निलगिरीच्या लागवडीतून मिळू शकतं. रानातलं उभं झाड त्यासाठी पाडायची गरज नाही.

उद्यमबागेच्या आसपासच्या घरांत जळणाचा आणखी एक मार्ग आहे. यंत्रांचे भाग बांधून येतात ती लाकडी खोकी आणि पॅलेट. लाकूड कोरडं, पातळ, फोडायला सोपं, आणि बऱ्याचदा स्वस्त. ते घेताना त्यावरचा शिक्का नक्की वाचावा. परदेशातून आलेल्या पॅकिंगच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि त्याशेजारी इंग्रजी अक्षरं असतात. किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याची ती खूण. 'एचटी' लिहिलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे. ते जाळायला हरकत नाही. 'एमबी' असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते बाजूला ठेवावं. रंग लावलेलं, तेल सांडलेलं, प्लायवूड, एमडीएफ हे तर चुलीजवळही नको. त्यातला डिंक जळून जो धूर होतो तो लाकडाच्या धुराहून कितीतरी घातक असतो, आणि न्हाणी बंद असते.

निपाणीकडे लाकूड कमी, तिथे पिकांचे अवशेष जळणात जास्त. तुराट्या, जोंधळ्याची धाटं, उसाचा पाला, मक्याची बुरकुंडं, तंबाखूची वाळलेली खोडं. निपाणीची तंबाखू बिडीची, ती उन्हात वाळते, त्यामुळे तिच्यासाठी भट्टी पेटवावी लागत नाही. हुन्सूर-पिरियापट्टणकडची व्हर्जिनिया तंबाखू बंद कोठ्यांत भट्टीच्या उष्णतेने वाळवतात, तिथे लाकडाचा मोठा खप होतो. उसाच्या पाल्याचं एक मोठं काम पुण्याच्या 'आरती' या संस्थेने केलं. शेतात पेटवून दिला जाणारा पाला बंद भट्टीत जाळून त्याचा कोळसा करायचा आणि कांडी पाडायची. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेला त्यासाठी २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पाल्याला धूर होतो, कांडीला जवळजवळ नाही, कारण धूर होणारे वायू भट्टीतच निघून गेलेले असतात.

इतकं करूनही लाकडाचा मोठा भाग चुलीतच वाया जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला कागदावर दीडशे ग्रॅम वाळकं लाकूड पुरतं. साध्या चुलीत सव्वा-दीड किलो लागतं, कारण शंभरातले दहाच भाग भांड्याला मिळतात. बाकी बाजूने निसटतात. तांब्याचा बंब इथे खरा शहाणा. त्याच्या पोटात मधोमध उभी नळी, नळीत जाळ, आणि चारही बाजूंनी पाणी. उष्णता निसटून जाणार कुठे? खाली जाळी असल्यामुळे राख पडते, हवा वर चढते, आणि नळी धुराड्याचं काम करते. पुण्याच्या तांबट आळीत हे बंब घडवत आले. बंबाला मात्र बोटाएवढ्या ढलप्या लागतात, आणि त्या कोरड्याच हव्यात.

हीच तत्त्वं चुलीत आणायचा प्रयत्न बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाला. अमूल्य रेड्डींनी १९७४ मध्ये तिथे 'अस्त्र' हा विभाग सुरू केला, खेड्यांसाठी विज्ञान वापरायचं म्हणून. त्यातून तीन भांड्यांची, जाळी आणि धुराड्याची 'अस्त्र ओले' तयार झाली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. तिची कार्यक्षमता साध्या चुलीच्या तिपटीच्या घरात होती. संशोधकांनी आधी गावात राहून बायका किती जळण आणतात, किती वेळ घालवतात हे मोजलं आणि मगच चुलीला हात घातला, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

एक सावधगिरी सांगायची राहिली. जळणाच्या ढिगात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. नाग, मण्यार, घोणस यांना अशी कोरडी, अंधारी, पोकळ जागा फार आवडते, आणि विंचू तर सालीखालीच घर करतो. म्हणून ढीग घराच्या भिंतीला टेकवून रचू नये, मध्ये दोन-तीन हात मोकळी जागा ठेवावी. तिन्हीसांजेला ढिगात हात घालू नये. आधी काठीने वरची ढलपी सरकवायची, थोडं थांबायचं, मग उचलायची. आजी ढिगापुढे उभी राहून काठीने दोनदा ठोकायची आणि थोडं मागे सरायची. लहानपणी मला वाटायचं, ती आत कुणाला तरी हाक मारते आहे.

आणि रोज रात्री भांडी झाली की ती दुसऱ्या दिवशीच्या न्हाणीचं जळण उचलून आणायची. सगळ्यात जुन्या बाजूने काढायची, नव्या बाजूला हात लावायची नाही. बारीक काटक्या वेगळ्या, जाड ढलप्या वेगळ्या, आणि वर दोन शेणी. ते सगळं विझत आलेल्या चुलीपासून हातभर अंतरावर, ठिणगी पोचणार नाही असं, उभं टेकवून ठेवायची. सकाळी पाचला बाहेर पाऊस कोसळत असायचा, आणि ती एकाच काडीत जाळ धरायची.